जुनी पिकअप, नवे ब्रेक

१९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या हलक्या पिकअपना पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक कंपनीतूनच द्यायला सुरुवात केली. त्या वर्षीची शेव्हर्ले सी-१० आणि आदल्या वर्षीची सी-१० शेजारी उभ्या केल्या, तर पुढची जाळी ओळखणारा जाणकार सोडून इतरांना फारसा फरक दिसणार नाही. पण एकीच्या चारही चाकांत ड्रम आहेत आणि दुसरीच्या पुढच्या दोन चाकांत डिस्क. अमेरिकेत जुन्या पिकअप सोडवून, घासून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या मंडळींचा १९६७ ते १९७२ या पिढीवर विशेष जीव आहे. त्यातली पहिल्या चार वर्षांची गाडी ज्याच्या हाती लागते, तो आज ना उद्या ब्रेककडे वळतो. बहुतेक वेळा जरा उशिराच, कारण तोवर इंजिन बदलून झालेलं असतं, रंगही चढलेला असतो आणि दुप्पट ताकदीची गाडी साठच्या दशकातल्या ब्रेकवर धावत असते.

ब्रेक सुधारायचे म्हणजे डिस्क बसवायच्या, असा सर्वसाधारण समज. डिस्क, कॅलिपर, पॅड, पाइप असं सगळं सामान एका खोक्यात तयार मिळतं आणि हाताला सवय असलेला माणूस शनिवार-रविवारात ते चढवतो. पण हा झाला कामाचा सोपा भाग. पायाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत नीट वाटला जातो की नाही, इथे खरी कसोटी लागते. पिकअपचा हौदा आज रिकामा असतो, उद्या त्यात अर्धा टन माल असतो. त्यामुळे ही वाटणी मोटारीपेक्षा इथे कितीतरी नाजूक होऊन बसते.

आधी थोडा हिशेब. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो, एवढंच त्याचं काम. १८०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची, तर सुमारे सात लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन लिटर पाण्याचं पातेलं उकळीला आणायला साधारण इतकीच उष्णता लागते. फरक एवढाच, की गॅसवर त्याला आठ-दहा मिनिटं मिळतात आणि ब्रेकला पाच-सहा सेकंद. वेग निम्मा असेल तर उष्णता पाव होते, दुप्पट झाला तर चौपट. शेतावरून बाजारात ताशी साठने जाणाऱ्या पिकअपला ड्रम पुरून उरत. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं पसरलं, पिकअपही त्यावर आल्या, आणि ब्रेकचं गणित बदललं.

ड्रमला उगाच नावं ठेवू नयेत. या पिकअपमधले ड्रम साधारण ११ इंच व्यासाचे. आत अर्धचंद्राकार दोन शू, त्यांच्यावर लायनर, वर त्यांना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर. रचना अशी, की फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू खालच्या जोडामार्फत मागच्या शूला ड्रमवर दाबतो. म्हणजे चाकाचीच गती ब्रेक आवळायला मदत करते. म्हणून तर बूस्टर नसतानाही दीड-दोन टनांची गाडी माणसाच्या पायाने थांबत असे. या दोन शूंची कामं वेगळी, म्हणून लायनरही वेगळे: आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला, लांब लायनरचा मागे. घाईत ते उलटसुलट बसवणारे कमी नाहीत, आणि मग ‘नवे लायनर टाकूनही ब्रेक लागत नाही’ म्हणून गाडी परत गॅरेजला येते. स्वतः अ‍ॅडजस्ट होणारे ड्रम असतील तर त्यांचं अ‍ॅडजस्टर गाडी मागे घेताना ब्रेक मारला की काम करतं. जो मालक रिव्हर्स घेताना कधी ब्रेकच दाबत नाही, त्याचं पेडल दिवसेंदिवस खाली जात राहतं.

पण ही मदत जशी जोर वाढवते, तशी खोटही वाढवते. एका बाजूच्या ड्रममध्ये पाणी शिरलं, लायनरला थोडं तेल लागलं, एखादी स्प्रिंग सैल पडली, की गाडी एका अंगाला ओढते. आणि सगळ्यात मोठी अडचण उष्णतेची. ड्रम म्हणजे झाकलेलं भांडं, आतली धग लवकर बाहेर पडत नाही.

तापलेल्या ब्रेकच्या तीन तऱ्हा असतात आणि तिन्ही पायाला वेगवेगळ्या कळतात. ड्रम तापून फुगला की तो शूपासून दूर सरकतो, मग पेडल नेहमीपेक्षा खाली जातं. लायनर तापून गुळगुळीत झाला की पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. आणि ब्रेक ऑइललाच उकळी फुटली की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं दबत जमिनीला टेकतं. कसारा किंवा आंबेनळीचा घाट वरच्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या चालकांना यातली एखादी तऱ्हा माहीत असते. तिसरी सगळ्यात वाईट, आणि ती ड्रम-डिस्क असा भेदभाव करत नाही.

डिस्क उघडी असते. वारा तिला लागतो, पाणी फिरत्या चकतीवरून फेकलं जातं, आणि तापून ती जाड झाली तर पॅडच्या अधिकच जवळ येते. अभियंता लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, पण तिचा डंका वाजला तो १९५३ साली, डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा. तिथून अमेरिकी पिकअपपर्यंत यायला आणखी १८ वर्षं गेली. मालवाहू गाडीच्या जगात नव्या गोष्टी नेहमी उशिराच येतात. हायड्रॉलिक ब्रेकचंही तेच झालं होतं: ड्यूसेनबर्गने ते १९२१ च्या सुमारास चारही चाकांना दिले, शेव्हर्लेने १९३६ ला, आणि हेन्री फोर्ड तर पोलादी दांड्यांवरचा विश्वास १९३९ चं मॉडेल येईपर्यंत सोडायला तयार नव्हते.

जुन्या सी-१०ला डिस्क देण्याचा रूढ मार्ग म्हणजे भंगारातल्या १९७१ नंतरच्या गाडीचे हब, डिस्क आणि कॅलिपर काढून आणणं. कंपनीचाच माल, त्यामुळे तो बऱ्यापैकी बसतो. डिस्क जवळजवळ बारा इंच व्यासाची, सव्वा इंच जाड, मधून हवा खेळणारी. कॅलिपरला एकच पिस्टन, पण तीन इंचाला जरासाच कमी. काम संपतं, गाडी जॅकवरून खाली येते आणि मग लक्षात येतं, की पुढच्या चाकाला पाच बोल्ट आहेत आणि मागच्याला सहा! १९७१ लाच कंपनीने या गाडीच्या चाकांचे बोल्ट सहाचे पाच केले होते. आता पुढचं चाक मागे बसत नाही, मागचं पुढे बसत नाही, आणि स्टेपनी नक्की कोणत्या टोकासाठी ठेवायची हा प्रश्न. मग कोणी मागचा अ‍ॅक्सलही बदलतो, कोणी सहा बोल्टांच्या डिस्क वेगळ्या मागवतो. चाकाची रिम कॅलिपरला घासते का, हेही आधी मापून घेतलेलं बरं. जुन्या रिम ड्रमच्या मापाने बनलेल्या असतात.

पेडलचं गणित यापुढचं. डिस्क स्वतःला मदत करत नाही, सगळा जोर बाहेरून यावा लागतो. समजा पायाने ३५ किलोचा जोर दिला. पेडलची तरफ सहापट असेल तर पेडलमागे ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या दांडीवर २१० किलो पडले. सिलिंडरचा व्यास एक इंच असेल, तर पाइपात प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ४१ किलो दाब तयार होतो आणि कॅलिपरचा तो मोठा पिस्टन १८०० किलोच्या जोराने पॅड दाबतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण ड्रमच्या गाडीला सरावलेल्या माणसाला हे पेडल जड लागेल. डिस्कला कचकचून थांबवायला ६० ते ७० किलोचा दाब लागतो.

इथे पुष्कळ जण एक उलटी गोष्ट करतात. ब्रेक कमी पडतोय म्हणून मोठा मास्टर सिलिंडर आणतात, एक इंचाऐवजी एक इंच एक सूत. फरक दिसायला एका सुताचा, पण क्षेत्रफळ सव्वापटीने वाढतं आणि त्याच पायाचा दाब ४१ वरून ३३ वर येतो. पेडल वरच्या वर लागतं, घट्ट लागतं, मालक खूश होतो. गाडी मात्र आधीपेक्षा उशिरा थांबते. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे, हे गॅरेजात उभ्या गाडीवर कळत नाही.

उपाय बूस्टरचा. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधली पोकळी एका मोठ्या पडद्याच्या एका अंगाला, बाहेरची हवा दुसऱ्या अंगाला. ११ इंच व्यासाच्या पडद्यावर ही हवा साडेतीनशे किलोच्या आसपास जोर लावते. पण त्यासाठी इंजिनाने पुरेसा व्हॅक्यूम द्यायला हवा. शर्यतीच्या बेताचा कॅमशाफ्ट टाकलेलं, उभ्या जागी गुरगुरणारं व्ही-एट इंजिन ऐकायला झकास असतं, पण त्याचा व्हॅक्यूम निम्म्यावर येतो आणि त्याबरोबर बूस्टरची मदतही. मग वेगळा पंप लावा किंवा पॉवर स्टीअरिंगच्या तेलावर चालणारा बूस्टर बसवा. आपल्याकडच्या डिझेल जीप-पिकअपना मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतच नाही, म्हणून त्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला. दोन्हीकडे नियम सारखा: इंजिन बंद केलं की एक-दोन दाबांपुरती पोकळी शिल्लक राहते, मग बूस्टर संपला. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय बूस्टर लावला की पेडलची तरफ सहापटीवरून चारपटीच्या आसपास आणावी लागते. दांडी पेडलच्या खिळीच्या जितकी जवळ, तितकी तरफ जास्त. ती तशीच ठेवली तर बोटाने स्पर्श केला तरी गाडी नाक घासते.

आणखी जुन्या गाड्यांची तऱ्हा न्यारी. १९४७ ते १९५५ च्या शेव्हर्ले पिकअप आणि १९५३ ते १९५६ ची फोर्ड एफ-१००, यांत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या खाली असतो. अशा अमेरिकी ट्रकांशी मुंबईचं जुनं नातं आहे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला होता आणि १९५४ पर्यंत तो चालला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फार्गो ट्रक जुळत. त्या काळातली एखादी गाडी ज्याच्याकडे असेल, त्याने डिस्क बसवण्याआधी हे वाचावं. पायाखालचा सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असतो. पाय काढला की ऑइल आपल्या वजनानेच मागे ओघळतं, पॅड डिस्कपासून सुटतात आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल पोकळ जातं. म्हणून डिस्कच्या पाइपात एक छोटा व्हॉल्व्ह घालतात, तो जेमतेम २ पीएसआय दाब अडवून धरतो. ड्रमना असाच व्हॉल्व्ह १० पीएसआयचा लागतो, कारण तिथे शूच्या स्प्रिंगा जोरकस असतात. ड्रमचा व्हॉल्व्ह चुकून डिस्कच्या पाइपात राहिला, तर पॅड कायम टेकलेले राहतात आणि दहा-वीस किलोमीटरमध्ये चाकाला हात लावता येत नाही. जुना मास्टर सिलिंडर ठेवून नुसत्या डिस्क चढवल्या की नेमकं हेच होतं, कारण १० चा व्हॉल्व्ह कित्येकदा त्या सिलिंडरच्या पोटातच दडलेला असतो.

भारतात ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. तेव्हा कापाकापी करून नव्या गाडीची अख्खी पुढची चौकट खाली सरकवण्यापेक्षा मूळ हबवर बसणारा, पुन्हा काढता येणारा संच शहाणपणाचा.

आता वाटणी. ३.२३ मीटर, म्हणजे १२७ इंच व्हीलबेसची लांब हौद्याची सी-१० घेऊ. वजन १८०० किलो, त्यातलं रिकाम्या गाडीत पुढे १०३० आणि मागे ७७० असं धरू. गुरुत्वमध्य रस्त्यापासून ७० सेंटिमीटर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, की सुमारे २७० किलो मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतात. पुढे १३०० झाले, मागे उरले ५००. मागचे टायर इतकं कमी वजन घेऊन रस्त्याला धरून असताना ड्रम त्यांना पूर्ण जोराने आवळू लागले, तर ते लॉक होणार. पुढचं चाक लॉक झालं तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागचं लॉक झालं तर शेपूट पुढे यायला बघते, आणि ओल्या रस्त्यावर चालकाला सावरायला वेळही मिळत नाही. आता त्याच हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलवर ५०० किलोची पोती टाका. ब्रेक मारतानाही मागच्या चाकांवर नऊशेच्या आसपास किलो राहतात. आता मागच्या ब्रेकने जवळजवळ दुप्पट काम करायला हवं. गाडी तीच, पाय तोच, पण हवी असलेली वाटणी अगदी वेगळी.

म्हणून डिस्क-ड्रमच्या गाडीत दोन व्हॉल्व्ह लागतात. एक पुढच्या डिस्कना क्षणभर थोपवतो, मागच्या ड्रमच्या स्प्रिंगा ताणून शू टेकेपर्यंत. दुसरा, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मागे जाणारा दाब कमी प्रमाणात वाढू देतो. कंपनीने हे दोन्ही आणि धोक्याच्या दिव्याचा स्विच एकाच पितळी ठोकळ्यात घातले. हौशी लोक त्याऐवजी हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह लावतात. आजच्या अनेक मालवाहू पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलशी एका दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह दिसतो. माल भरून हौदा खाली बसला की दांडी हलते आणि मागचा दाब आपोआप वाढतो. पाटे जास्तीचे टाकून गाडी उंच केली की या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. ही गोष्ट मालकांना सांगावी लागते, कारण ती कोणी विचारत नाही.

एवढं सगळं वाचून एखाद्याने डिस्कचा नाद सोडला, तरी एक काम मात्र करावंच. १९६७ च्या आधीच्या गाडीत मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. कुठलाही एक होज फुटला, एक व्हील सिलिंडर गळला, की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, हातात उरतो फक्त हँडब्रेक. १९६७ पासून अमेरिकी गाड्यांत दोन कप्प्यांचा सिलिंडर सर्रास आला: पुढचा मार्ग वेगळा, मागचा वेगळा, एक गेला तरी दुसरा राहतो. पन्नास वर्षांच्या जुन्या पिकअपला आधी हा सिलिंडर, मग नवे होज आणि नवे पोलादी किंवा तांबे-निकेलचे पाइप, आणि त्यानंतर डिस्क. उलट क्रमाने गेलेले लोकच जास्त दिसतात, कारण डिस्क चाकाच्या जाळीतून दिसते आणि मास्टर सिलिंडर दिसत नाही. मागेही डिस्क बसवण्याची हौस तर निव्वळ दिखाऊ म्हणावी लागेल. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांना मुळातच फार काम नसतं, आणि ड्रम काढला की हँडब्रेकची नवी भानगड मागे लागते.

जुने होज वरून ठणठणीत दिसतात, पण आतलं रबर फुगून भोक बारीक झालेलं असतं. पाय दाबला की ऑइल जातं, सोडला की परत येत नाही, आणि ते चाक अडकून राहतं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, त्यामुळे ड्रम उघडल्यावर आतली भुकटी हवेच्या नळीने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

ऑइलबद्दलही दोन शब्द. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलची हमी १४० अंशांपर्यंत घसरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. प्रदर्शनात मिरवणाऱ्या गाड्यांचे मालक सिलिकॉनचं डॉट ५ पसंत करतात, कारण सांडलं तरी रंग सोलत नाही. पण त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात, पेडल मऊ लागतं, आणि जुन्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला डॉट ४ बरं, दर दोन वर्षांनी बदललेलं.

शेवटी एअर काढायची. मास्टर सिलिंडर गाडीला लावण्याआधीच व्हाइसमध्ये धरून, त्याच्या तोंडांना लावलेल्या नळ्या पुन्हा टाकीत सोडून, आतली हवा काढून घ्यावी. हे टाळलं तर पुढे तासभर पंपिंग करूनही पेडल येत नाही. मग सगळ्यात लांबचं चाक आधी: अमेरिकी गाडीत मागचं उजवं, आपल्याकडच्यात मागचं डावं. एक जण पेडलवर, दुसरा चाकाखाली निपलला पाना लावून आडवा. ‘दाब.’ ‘दाबलं.’ निपल पाव फेरा सैल, नळीतून फुसफुसत ऑइल आणि हवा बाटलीत, निपल बंद. ‘सोड.’ हा क्रम चुकला, बंद करण्याआधी पाय सुटला, की गेलेली हवा परत आत. बाटलीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच चालतं, आणि मधूनमधून टाकीत ऑइल भरायचं विसरलं तर पहिल्यापासून.

नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून काही वेळा हळूहळू थांबवत, मध्ये थंड होऊ देत ते डिस्कवर बसवून घ्यायचे. त्यानंतर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर रिकामी गाडी घेऊन व्हॉल्व्हची परीक्षा. मागचा दाब सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करायची, जोरात ब्रेक मारायचा, बाहेर उभ्या माणसाने कुठलं चाक आधी लॉक होतं ते बघायचं आणि एकेक टप्प्याने दाब वाढवायचा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडू लागली, की दोन टप्पे मागे यायचं. हे माप रिकाम्या गाडीचं असतं. पोती भरल्यावर मागचे ड्रम आणखी बरंच काम करू शकले असते, पण व्हॉल्व्ह त्यांना ते करू देत नाही, आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ज्याची पिकअप प्रदर्शनापुरती नसून खरोखर माल वाहते, त्याने हाताच्या व्हॉल्व्हऐवजी अ‍ॅक्सलला जोडलेला भार ओळखणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि भरलेल्या गाडीनिशी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.